माडी चढणारी स्त्री : जपानमधील रात्रीच्या व्यवसायातील श्रम, उधारी आणि त्यांचे चित्रण

प्रास्ताविक

रात्रीच्या करमणुकीच्या व्यवसायाला जपानी भाषेत 'मिझु शोबाई' असे म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ 'पाण्याचा धंदा'. या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी एकापेक्षा अधिक मते असली, तरी वाहत्या पाण्याप्रमाणे ज्याच्या मिळकतीचा भरवसा धरता येत नाही असा धंदा, हा अर्थ सर्वसाधारणपणे स्वीकारला जातो. मराठीत 'पाण्यासारखा पैसा' म्हटले की खर्च करणाऱ्याचा सढळ हात डोळ्यांसमोर येतो. जपानी शब्दात मात्र मिळवणाऱ्याची अस्थिरता आहे. पाणी एकच, एका भाषेने ते उधळणाऱ्याच्या बाजूने पाहिले, दुसरीने कमावणाऱ्याच्या बाजूने.

बार, क्लब, 'स्नॅक' या नावाने ओळखली जाणारी छोटी मद्यालये, कॅबरे, ऐंशीच्या दशकात रुळलेली 'क्याबाकुरा' आणि स्त्रियांचे मनोरंजन करणारे पुरुष जेथे कामाला असतात ते 'होस्ट क्लब' हा या व्यवसायाचा विस्तार. प्रत्यक्ष लैंगिक सेवा देणाऱ्या व्यवसायांची गणना कायदा स्वतंत्र वर्गात करतो. दोहोंमधील सीमा व्यवहारात सर्वत्र पक्की नसते, हेही खरे. भारतीय वाचकांच्या मनात या सर्वांची जागा बहुधा 'गेइशा' या एकाच शब्दाने घेतलेली असते. गेइशा ही दीर्घ प्रशिक्षण घेतलेली कलावंत. होस्टेसला असे प्रशिक्षण अपेक्षित नसते. तिने टेबलाजवळ बसायचे, पेय ओतायचे आणि बोलायचे. हे 'बोलणे' म्हणजे नेमके कोणते काम, ते कोणासाठी केले जाते आणि त्यातील जोखीम कोणाच्या अंगावर पडते, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. या व्यवसायातील स्त्रीकडे एक तर मोहिनी म्हणून पाहिले जाते, नाही तर बळी म्हणून; दोन्ही दृष्टींत तिचे काम अदृश्य राहते.

प्रस्तुत लेखात मिकिओ नारुसे यांचा १९६० चा चित्रपट, अ‍ॅन अ‍ॅलिसन यांचा १९९४ चा मानवशास्त्रीय ग्रंथ आणि ऱ्हासेल पारेन्यास यांचा २०११ चा समाजशास्त्रीय ग्रंथ या तीन कृतींचा श्रमाच्या अंगाने विचार केला आहे. तिन्ही कृतींचे प्रकार भिन्न आहेत आणि तिघांचे हेतूही. तरीही तिन्हींमध्ये एक धागा सतत हाती लागतो, तो म्हणजे उधारीचा.

पूर्वपीठिका

साहित्यात हा विषय नवा नाही. फुमिको हायाशी यांचे 'होरोकी' हे १९३० साली पुस्तकरूपाने आलेले आत्मपर लेखन या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. लेखिकेने स्वतः कॅफेत वाढपी म्हणून काम केले होते. त्या काळातील कॅफेंमध्ये या मुलींना पगार बहुधा नसेच. ग्राहकाने ठेवलेली बक्षिसी हीच मिळकत. नागाई काफू यांनी १९३१ च्या 'त्सुयु नो आतोसाकी' या कादंबरीत गिन्झामधील अशीच एक कॅफे-वाढपीण रंगवली. परंतु काफूंची नजर ही शहरातून हिंडणाऱ्या रसिकाची नजर आहे. हायाशींच्या लेखनात भूक आहे. आया कोदा यांनी तर गेइशांच्या घरात स्वतः मोलकरीण म्हणून काम केले आणि त्यातून १९५५ ची 'नागारेरु' ही कादंबरी लिहिली. उतरती कळा लागलेले ते घर कादंबरीत मोलकरणीच्या डोळ्यांनी दिसते, म्हणून तेथे रेशमाच्या बरोबरीने धुणे, उधारीवर आणलेला किराणा आणि दारात उभे राहिलेले देणेकरीही दिसतात.

मिझोगुची यांचा 'आकासेन चिताई' हा चित्रपट मार्च १९५६ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी मे महिन्यात वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला आणि त्यातील दंडविषयक तरतुदी १ एप्रिल १९५८ पासून लागू झाल्या. नारुसे यांचा चित्रपट या घटनांनंतरचा आहे. परवानाप्राप्त वस्त्या बंद झाल्या होत्या, अर्थव्यवस्था वेगाने वाढत होती आणि कंपन्यांच्या खर्चावर पिणाऱ्या पुरुषांची गर्दी गिन्झातील बारमध्ये होत होती.

पायऱ्या

'ओन्ना गा काइदान ओ आगारु तोकी' या शीर्षकाचा अर्थ 'स्त्री जेव्हा पायऱ्या चढते तेव्हा' असा आहे. मराठी वाचकाला हे शीर्षक क्षणभर थबकायला लावते. आपल्याकडे 'माडी चढणे', 'माडीवर जाणे' हे वाक्प्रचार पुरुषाविषयी वापरले जातात. माडी चढणारा तो. स्त्री वर आधीपासूनच बसलेली असते, जणू ती तेथेच जन्मली. नारुसे यांच्या शीर्षकात मात्र चढणारी ती आहे. कारण ती कामावर निघाली आहे. गिरणी कामगाराने फाटकातून आत जावे तशी केइको रोज संध्याकाळी त्या अरुंद जिन्याने वर जाते, आणि तिला ते चढणे आवडत नाही, हे तिच्याच निवेदनातून प्रेक्षकाला कळते. वर गेल्यावर जो दिवस समोर येईल तो ती निभावते.

केइको ही तिशीतील विधवा. हिदेको ताकामिने यांनी ही भूमिका केली असून चित्रपटाच्या वेशभूषेची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. केइको बारची 'मामा' आहे, परंतु मालकीण नाही. हा फरक चित्रपट समजून घेण्यासाठी कळीचा आहे. 'मामा' म्हणजे बारचा चेहरा. ग्राहकांची नावे, आवडीनिवडी, कोणाला कोणाशेजारी बसवायचे, कोणाशी किती वेळ बोलायचे, हे सर्व तिने सांभाळायचे. गल्ला मात्र दुसऱ्याचा. आरंभीच विक्री घटल्याबद्दल तिला मालकाकडून बोलणी खावी लागतात. घट होण्याचे कारण असे, की तिच्या हाताखाली काम केलेली युरी हिने स्वतःचा बार काढला आणि ग्राहक तिच्यामागे गेले. या व्यवसायात दुकानाचा खरा ऐवज बाटल्यांत किंवा सजावटीत नसतो. तो होस्टेसच्या ओळखीपाळखीत असतो आणि ती निघाली की तिच्याबरोबर निघून जातो. म्हणूनच मालक तिला एकाच वेळी जपतो आणि दाबतो.

नारुसे यांच्या चित्रपटांत पात्रे पैशांविषयी फार बोलतात, रकमा मोजतात, हे अभ्यासकांनी पूर्वीच नोंदवले आहे. या चित्रपटात तर कथानकाची प्रत्येक कलाटणी एखाद्या रकमेवर अवलंबून आहे. केइकोला दोनच वाटा दिसतात : पुन्हा लग्न, किंवा स्वतःचा बार. बारसाठी भांडवल हवे. म्हणून ती ग्राहकांकडून वर्गणी जमवू लागते. ओसाकाचा वयस्क व्यापारी सर्व रक्कम द्यायला तयार आहे, पण बदल्यात ती त्याची रखेल व्हावी अशी त्याची अट आहे. दुसरीकडे तिचा भाऊ. त्याला तुरुंग टाळण्यासाठी वकिलाला पैसे हवे आहेत आणि त्याच्या पोलिओग्रस्त मुलाच्या शस्त्रक्रियेसाठीही. पोटातील व्रणामुळे आजारी पडून ती त्सुकुदाजिमा येथील माहेरी विश्रांतीला जाते, तेव्हा तेथेही हिशेबच निघतो. महागडे घर कशाला, इतके भारी किमोनो कशाला, असे घरचे विचारतात. उत्तर सरळ आहे. घर आणि किमोनो ही तिची हत्यारे आहेत. साध्या वस्त्रातली 'मामा' ग्राहकाला आपल्या दर्जाची वाटत नाही. सुताराला रंधा लागतो तसा तिला किमोनो लागतो. फरक एवढाच की सुताराच्या रंध्याला कोणी चैन म्हणत नाही.

युरीचे प्रकरण हा चित्रपटाचा सर्वांत कठोर भाग आहे. बाहेरून पाहता तिने यश मिळवले आहे. प्रत्यक्षात तिचा बार कर्जावर उभा आहे. देणेकऱ्यांना थोपवण्यासाठी ती आत्महत्येचा देखावा करायचे ठरवते, आणि त्यातच तिचा खरोखर मृत्यू होतो. तिच्या शोकात बुडालेल्या घरीही वसुलीचा माणूस येतो. येथे नारुसे संगीताचा टाहो फोडत नाहीत, कॅमेरा हलवत नाहीत. मृत्यू झाला आणि रक्कम बाकी राहिली, एवढेच प्रेक्षकासमोर ठेवतात. या प्रसंगानंतर 'स्वतःचा बार' हे केइकोचे स्वप्न प्रेक्षकाला पूर्वीसारखे दिसत नाही. वरची पायरी म्हणजे केवळ मोठे कर्ज, अशी शंका येऊ लागते.

नंतरची घसरण वेगाने येते. लग्नाची मागणी घालणारा साधाभोळा गृहस्थ विवाहित निघतो. तो अशी आश्वासने देत फिरतो, हे त्याच्या पत्नीकडूनच कळते. ज्याच्यावर तिचे मन जडले तो बँकेचा अधिकारी एक रात्र तिच्यासोबत घालवतो आणि मग ओसाकाला बदली झाल्याचे सांगून काही शेअर तिच्यापाशी ठेवतो. केइको रेल्वे स्थानकावर जाते, त्याच्या कुटुंबासमोर उभी राहते आणि ते शेअर त्याच्या पत्नीच्या हाती परत देते. हा प्रसंग स्वाभिमानाचा म्हणून वाखाणला जातो. तो तसा आहेच. परंतु हिशेबाच्या भाषेत त्याचा आणखी एक अर्थ निघतो. जी रक्कम घेतल्याने ती रात्र 'व्यवहार' ठरली असती, ती रक्कम ती नाकारते आणि रात्र आपल्याकडे ठेवते. त्यानंतर पुन्हा जिना, पुन्हा हसतमुख स्वागत.

चित्रपटाची मर्यादा

इतके असूनही या चित्रपटाला एक आक्षेप घेतलाच पाहिजे. केइकोने पतीच्या अस्थींसोबत दुसऱ्या पुरुषावर प्रेम न करण्याच्या वचनाचे पत्र ठेवले आहे. ती इतरांसारखी नाही, हे चित्रपट वारंवार बजावतो. मध्यरात्री घरी परतणाऱ्या गिन्झाच्या स्त्रियांची प्रतवारी तिच्याच निवेदनात येते : मोटारीने जाणाऱ्या उत्तम, ट्रामने जाणाऱ्या मध्यम, आणि ग्राहकासोबत जाणाऱ्या सर्वांत खालच्या. प्रेक्षकाची सहानुभूती तिच्या श्रमाला मिळते की तिच्या पातिव्रत्याला, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. ती तिसऱ्या प्रतीत मोडणारी असती, तर तिचा व्रण कमी दुखला असता काय? भावाने मागितलेली रक्कम कमी झाली असती काय? नारुसे यांनी श्रमाचे इतके बारकाईने चित्रण केले आणि तरीही नायिकेच्या प्रतिष्ठेचा आधार श्रमाबाहेर, शीलात शोधला. त्या काळच्या व्यावसायिक चित्रपटाची ती अट होती असे म्हणून सोडून देता येईल. पण मिझोगुचींनी चारच वर्षांपूर्वी ती अट बऱ्याच अंशी झुगारली होती, हे विसरता येत नाही. ट्रामने आणि ग्राहकासोबत घरी गेलेल्या स्त्रियांचा हिशेब या चित्रपटात अपुराच राहिला आहे.

कायद्याने केलेली व्याख्या आणि अ‍ॅलिसन यांचे निरीक्षण

या कामाची सर्वांत नेमकी व्याख्या, आश्चर्य वाटेल, पण कायद्यात सापडते. करमणूक व्यवसायांचे नियमन करणारा जपानी कायदा मूळचा १९४८ चा. १९८४ च्या दुरुस्तीने त्याचे नावही बदलले आणि तो १९८५ पासून नव्या स्वरूपात लागू झाला. ज्या दुकानात 'सेत्ताइ' होते त्याला परवाना लागतो, आणि 'सेत्ताइ' म्हणजे आनंदोपभोगाचे वातावरण निर्माण होईल अशा रीतीने ग्राहकाचे आदरातिथ्य करणे, असा त्या व्याख्येचा आशय आहे. ग्राहकाजवळ बसून सतत गप्पा मारणे, पेय ओतत राहणे, त्याच्याबरोबर गाणे यांचा समावेश पोलिसांच्या निकषांत होतो. केवळ पेय आणून ठेवून निघून जाणे यात बसत नाही. म्हणजे विकली जाणारी वस्तू मद्य नव्हे, वातावरण होय, हे राज्यसंस्थेने मान्य केले आहे. आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ मध्ये विमानसेविकांच्या अभ्यासातून 'भावनिक श्रम' ही संकल्पना मांडली. जपानच्या पोलिसांनी तिचे जणू मोजमापच करून ठेवले, असे गमतीने म्हणता येईल.

अ‍ॅन अ‍ॅलिसन यांनी १९८१ मध्ये टोकियोच्या रोप्पोंगी भागातील एका क्लबमध्ये चार महिने स्वतः होस्टेसचे काम केले. त्यावर आधारित 'नाइटवर्क' हा ग्रंथ १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा मुख्य मुद्दा असा, की ग्राहक येथे एकटा येत नाही आणि स्वतःच्या पैशानेही येत नाही. कंपनीतील वरिष्ठ, कनिष्ठ आणि व्यवहारातील समोरचा पक्ष असे पुरुष एकत्र येतात आणि बिल कंपनीच्या खर्चात जाते. दिवसा कार्यालयात जी औपचारिकता त्यांना एकमेकांपासून दूर ठेवते, ती सैल व्हावी हा हेतू. होस्टेस सिगारेट पेटवते, रिकामा होत आलेला ग्लास भरते, संभाषण थांबले की विषय पुरवते, सामान्य गायकाच्या गाण्याला दाद देते. पुष्कळदा तिच्या शरीरावरील शेरा हाच तो विषय असतो. वरिष्ठाने शेरा मारावा, कनिष्ठाने हसावे, तिने हसून तो झेलावा. आणि त्या हशात वरिष्ठ-कनिष्ठ क्षणभर समान व्हावेत. शेरा तिच्याविषयी असतो, परंतु तो तिच्यासाठी नसतो. दोन पुरुषांमधील पूल म्हणून ती वापरली जाते, हे अ‍ॅलिसन यांचे विश्लेषण आजही तितकेच धारदार वाटते.

या ग्रंथाने चर्चेची दिशा बदलली. 'चैन' समजली जाणारी गोष्ट कंपनीच्या उत्पादनव्यवस्थेचाच भाग आहे, हे त्याने दाखवले. नोकरदार पुरुष घरापासून दूर का राहतो, हेही त्याच ओघात स्पष्ट झाले. मात्र ग्रंथाचा नायक शेवटी पुरुषच आहे. त्याची कंपनी, त्याचे घर, त्याची आई, त्याची पत्नी हे सारे येते. क्लब बंद झाल्यावर होस्टेस कोठे जाते, तिचा महिना कसा भागतो, हे फारसे येत नाही. पुरुषत्वाचा अभ्यास हा ग्रंथाचा जाहीर विषय असल्याने ही तक्रार थोडी अन्यायाची ठरेल. तरीही केइकोच्या माहेरच्या त्या हिशेबानंतर ग्रंथातली ही पोकळी जाणवते.

उधारी

ती पोकळी भरण्यासाठी न्यायालयीन निर्णयांकडे वळावे लागते. गिन्झासारख्या भागातील उच्चभ्रू क्लबांमध्ये नियमित ग्राहक जागेवर पैसे देत नाही. त्याचे खाते असते. बिल नंतर पाठवले जाते. प्रत्येक ग्राहक एका ठरावीक होस्टेसच्या नावावर असतो. त्याने क्लबात केलेल्या खर्चातून तिला वाटा मिळतो. त्याने पैसे बुडवले तर ती रक्कम भरून देण्याची हमीही अनेकदा तिनेच दिलेली असते. अशी हमी लोकनीतीला बाधक म्हणून रद्दबातल मानावी काय, हा प्रश्न जपानच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २० नोव्हेंबर १९८६ च्या निर्णयात न्यायालयाने त्या खटल्यातील हमी वैध ठरवली. त्या ग्राहकाशी असलेला संबंध आपलाच राहावा आणि त्यातून लाभ मिळावा म्हणून होस्टेसने स्वेच्छेने उधारी मागितली व हमी दिली, असा त्यामागील विचार होता.

'स्वेच्छेने' हा शब्द येथे फार काम करतो. ग्राहक टिकवला नाही तर मिळकत नाही, उधारी दिली नाही तर ग्राहक टिकत नाही, आणि हमी दिल्याखेरीज क्लब उधारी देत नाही. या साखळीत इच्छेला किती जागा उरते? निर्णय कायद्याच्या तर्काने सुसंगत असेलही. परंतु क्लबाच्या व्यवसायातील जोखीम त्याने त्यातील सर्वांत कमी भांडवल असलेल्या व्यक्तीकडे सरकवू दिली, हे नाकारता येणार नाही. युरीच्या घरी आलेला वसुलीचा माणूस येथे न्यायालयाच्या मार्गाने येतो, एवढाच फरक.

कररचनाही याच दिशेने बोलते. होस्टेसला मिळणारा मोबदला आयकर कायद्यात स्वतंत्र बाब म्हणून येतो. क्लबने तो देताना दिवसाला ५,००० येन या हिशेबाने वजावट करून उरलेल्या रकमेवर कर कापायचा असतो. दिवस कोणते मोजायचे, प्रत्यक्ष कामाचे की हिशेबाच्या कालावधीतील सर्व, यावरही सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला आणि २ मार्च २०१० रोजी सर्व दिवस मोजावेत असा निर्णय झाला. म्हणजे सुट्टीच्या दिवशीही किमोनो, केशरचना आणि फोनबिल यांचा खर्च तिच्या मागे आहे, हे करापुरते तरी मान्य झाल्यासारखे झाले. न्यायालयाने ते कलमाच्या शब्दार्थावरून ठरवले, हा भाग वेगळा.

या व्यवसायाचा शब्दसंग्रहही पाहण्यासारखा आहे. होस्टेस ज्या नावाने काम करते त्याला 'गेंजी-ना' म्हणतात. मूळ संबंध 'गेंजी मोनोगातारी' या अभिजात ग्रंथातील प्रकरणांच्या नावांशी. क्लबात येण्यापूर्वी ग्राहकाबरोबर जेवायला जाऊन त्याला सोबत घेऊन येणे म्हणजे 'दोहान', आणि महिन्यात ते किती वेळा व्हावे याचे लक्ष्य म्हणजे 'नोरुमा'. हा शेवटचा शब्द रशियन. सायबेरियातील सक्तमजुरीच्या छावण्यांतून परतलेल्या जपानी युद्धकैद्यांबरोबर तो जपानीत आला. हजार वर्षांपूर्वीच्या दरबाराचे नाव आणि श्रमछावणीतला कोटा एकाच स्त्रीच्या अंगावर एकाच संध्याकाळी असतात. दोहानची वेळ पगारी तासांत बहुधा धरली जात नाही, हे वेगळे सांगायला नको.

व्हिसा आणि करार

पारेन्यास यांचा 'इलिसिट फ्लर्टेशन्स' हा ग्रंथ याच व्यवसायाच्या दुसऱ्या टोकाकडे जातो. जपानमध्ये 'मनोरंजनकार' व्हिसावर फिलिपिन्समधून येणाऱ्या स्त्रियांची संख्या २००४ मध्ये सुमारे ८२ हजार होती. कागदोपत्री त्या गायिका व नर्तिका. टेबलावर ग्राहकासोबत बसणे त्या व्हिसाच्या अटींत बसत नव्हते, पण त्यांना आणले जाई ते मुख्यतः त्यासाठीच. त्याच वर्षी अमेरिकेच्या परराष्ट्र विभागाने मानवी तस्करीविषयक अहवालात जपानला निगराणी यादीत टाकले. २००५ मध्ये जपानने नियम कडक केले. परदेशी सरकारने दिलेले कलाकाराचे प्रमाणपत्र व्हिसासाठी पुरेसे मानण्याची तरतूद काढून टाकली. २००६ मध्ये संख्या साडेआठ हजारांच्या आसपास आली.

पारेन्यास यांनी २००५-०६ मध्ये टोकियोतील फिलिपिनो क्लबांमध्ये अभ्यास केला आणि त्यासाठी होस्टेसचे कामही केले. त्यांचे प्रतिपादन 'तस्करी' आणि 'स्वेच्छा' या दोन्ही शब्दांना अडचणीत आणणारे आहे. करार सहा महिन्यांचा, काम एकाच क्लबशी बांधलेले, वेतन बहुधा कराराच्या अखेरीस, त्यातून मध्यस्थांची कपात, मध्येच काम सोडल्यास दंड. हे बंधन आहेच. परंतु त्या स्त्रियांनी ते जाणून पत्करलेले होते, आणि पर्याय होता तो गावाकडच्या दारिद्र्याचा. या अवस्थेला त्या 'वेठबिगारीतील गतिशीलता' अशा अर्थाची संज्ञा देतात. दलालांवरील अवलंबित्व कमी करण्याऐवजी नव्या नियमांनी रोजगारच काढून घेतला, हा त्यांचा मुख्य आक्षेप. संरक्षणाच्या नावाखाली सत्तर हजारांहून अधिक जागा दोन वर्षांत नाहीशा झाल्या, आणि ज्यांचे संरक्षण करायचे होते त्यांना विचारले गेले नाही. ग्रंथात पुनरुक्ती पुष्कळ आहे. संकल्पनांना नवी नावे देण्याचा सोसही काही ठिकाणी जाणवतो. पण अ‍ॅलिसन यांच्याकडे जे राहून गेले, म्हणजे पगाराचा दिवस, ते येथे मिळते.

उलटलेला आरसा

होस्ट क्लबात भूमिका बदलतात. तेथे पुरुष ग्लास भरतो, स्त्री पैसे देते. जेक क्लेनेल यांच्या २००६ च्या ओसाकामधील होस्ट क्लबवरील माहितीपटात एक गोष्ट बऱ्याच उशिरा उलगडते, की या ग्राहक स्त्रियांपैकी अनेक जणी स्वतःच रात्रीच्या व्यवसायात काम करतात. रात्रभर दुसऱ्यांना ऐकून घेतल्यावर आपल्याला ऐकून घेणारा कोणीतरी हवा, म्हणून त्या येतात, आणि एका क्लबात मिळालेला पैसा दुसऱ्या क्लबात जातो. या रचनेत कोण कोणाला फसवते, हे ठरवणे माहितीपट प्रेक्षकावर सोपवतो. होस्ट आपल्या यकृताची अवस्था सांगतात तेव्हा तेही कामगार आहेत, हे लक्षात येते.

तथापि भूमिका बदलल्या तरी जोखीम बदलत नाही. होस्ट क्लबात 'उरिकाके', म्हणजे उधारी, ग्राहक स्त्रीच्या नावावर चढते. २०२३ पासून टोकियोच्या काबुकिचो भागातील अशा कर्जांचा प्रश्न जपानी संसदेपर्यंत गेला. कर्ज फेडण्यासाठी तरुण स्त्रियांना लैंगिक व्यवसायाकडे वळवले जाते, अशा तक्रारी होत्या. मे २०२५ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली व २८ जून २०२५ पासून ती अमलात आली. ग्राहकाच्या प्रेमभावनेचा गैरफायदा घेऊन खर्च करायला लावणे, दराविषयी खोटे सांगणे, कर्जफेडीसाठी लैंगिक व्यवसाय करण्यास भाग पाडणे यांवर त्यात बंदी आहे. विनापरवाना व्यवसाय करणाऱ्या कंपनीला तीस कोटी येनपर्यंत दंड होऊ शकतो.

या दुरुस्तीत प्रेमभावनेचा उल्लेख यावा, हे विशेष आहे. १९८५ पासूनच्या कायद्यात 'वातावरण' होते. आता 'भावना'ही आली. प्रेमाचा आभास हाच ज्या व्यवसायाचा माल, त्यात आभास कोठे संपतो आणि गैरफायदा कोठे सुरू होतो, हे पोलिसांना ठरवावे लागणार आहे. उधारीच्या खात्यापेक्षा प्रेमाचे मोजमाप कठीण, आणि कायद्याने उधारीला संपूर्ण मनाई केलेली नाही. केइकोच्या बारमध्ये ग्राहकाचे बिल त्याच्या कंपनीकडे जात असे. काबुकिचोत ते एकट्या मुलीच्या नावावर येते.